कर्णनादावरील संशोधनात रुग्ण म्हणून नाव द्यावे का?

उचगावकर

नमस्कार. माझ्या दोन्ही कानांत गेली काही वर्षे बारीक शिट्टी अखंड वाजत असते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये उभी हयात गेली, त्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज मला कमी ऐकू येतात आणि शिट्टीही साधारण त्याच पट्टीतली आहे, असे तपासणीत निघाले. दुसरा कोणताही गंभीर दोष आढळला नाही. ‘सवय करून घ्या’ यापलीकडे आजवर कोणी काही सांगितलेले नाही.

आता माझे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणतात की एका वैद्यकीय महाविद्यालयात कर्णनादाच्या रुग्णांवर अभ्यास सुरू होत आहे आणि माझी इच्छा असेल तर ते माझे नाव सुचवतील. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला खरा उपचार द्यायचा आणि दुसऱ्याला दिसायला हुबेहूब तसाच पण गुण नसलेला उपचार द्यायचा, अशी त्याची रचना आहे. कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्यालाही कळणार नाही.

घरात यावर दोन तट पडले आहेत. सौ. म्हणतात, या वयात अंगावर प्रयोग करून घेण्याची गरज काय? मुलगा म्हणतो, बाबा, जाऊन या. माझे मन जाण्याकडे झुकते, कारण कर्णनाद बरा करते असे सिद्ध झालेले एकही औषध जगात आज नाही, आणि ते कधी यायचे असेल तर रुग्णांनी पुढे झाल्याशिवाय येणार नाही. तरीही होकार देण्यापूर्वी काय विचारावे, काय तपासावे आणि कशाची अपेक्षा ठेवू नये, हे जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

श्रवणा

उचगावकरकाका, मी राजारामपुरीत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करते. तुमचे निदान पूर्ण झाले आहे हे वाचून बरे वाटले, कारण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी पहिली गोष्ट तीच आहे. कर्णनाद हे लक्षण आहे आणि त्यामागचे कारण शोधणे हे कोणत्याही अभ्यासाच्या आधी व्हायला हवे. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले असेल, तर एक दिवसही थांबू नये, कारण त्यावरील स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. संशोधनात नाव द्यायला नंतरही वेळ मिळतो.

दुसरे असे की ‘अभ्यास’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळी कामे येतात. काही अभ्यासांत केवळ प्रश्नावली भरून घेतात. काहींत श्रवणचाचणी, मेंदूचे आलेख अशी मोजमापे घेतात आणि उपचार कसलाच नसतो. काहींत औषध, उपकरण किंवा समुपदेशन यांची परीक्षा असते. या तिन्हींत रुग्णाचा वेळ आणि जोखीम यांत मोठा फरक पडतो, म्हणून तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न हाच की माझ्या कानात, तोंडात किंवा शिरेत काही घातले जाणार आहे का, आणि असल्यास ते नेमके काय आहे.

दसरा_चौक

माझे मत विरुद्ध आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या शब्दाला नाही म्हणण्याची रीत नाही. ओपीडीत मागे रांग लागलेली असते, समोर इंग्रजीतला पाच-सहा पानांचा कागद येतो, ‘इथे सही करा’ असे सांगितले जाते आणि माणूस सही करतो. माझ्या मामांच्या बाबतीत, आजार वेगळा होता, पण नेमके असेच घडले. आपण एका अभ्यासात आहोत हे त्यांना पुढच्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टरच्या बोलण्यातून कळले. त्यांना इजा काही झाली नाही, परंतु न विचारता आपला वापर झाला, ही सल त्यांच्या मनातून आजही गेलेली नाही.

उचगावकर साहेब शिकलेले आहेत, ते प्रश्न विचारतील. फौंड्रीत फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याचे, काम करणाऱ्याने कोणाला विचारायचे? ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला मी संमती मानत नाही.

कायदा_कट्टा

दसरा_चौक यांनी वर्णन केलेला प्रकार घडत असेल तर तो सरळ सरळ नियमबाह्य आहे आणि तो खपवून घेऊ नये. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम २०१९ आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या दोन्हींत काय म्हटले आहे ते थोडक्यात सांगतो.

माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे; कोल्हापुरात याचा अर्थ बहुतेकांसाठी मराठी असाच होतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णाला द्यावी लागते. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात आणि ती इजा चाचणीमुळे झाल्याचे ठरल्यास वेगळी नुकसानभरपाई द्यावी लागते.

अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान ७ सदस्य असावे लागतात आणि त्यांत कायद्याचा जाणकार, वैद्यकाबाहेरची सामान्य व्यक्ती आणि किमान एक महिला असावी लागते. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असतात, अध्यक्षही बाहेरचाच असतो. समितीच्या सदस्य-सचिवांचा दूरध्वनी माहितीपत्रकावर छापलेला असतो. तो नसेल तर तिथेच थांबावे.

आणखी एक गोष्ट कोणालाही घरबसल्या तपासता येते. भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून तीत नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. नोंदणी क्रमांकात वर्ष आणि महिना दिसतो, पदव्युत्तर प्रबंधासाठी चाललेला अभ्यास असेल तर तसेही लिहिलेले असते. डॉक्टरांकडे हा क्रमांक मागण्यात त्यांचा अवमान होत नाही. चांगला संशोधक तो आपणहून देतो.

कागलकर

पैशाचे काय असते? माझ्या चुलत्यांना एका ठिकाणी ‘संशोधनातली नवीन थेरपी’ म्हणून बरीच मोठी रक्कम आगाऊ भरायला सांगितली होती.

कायदा_कट्टा

कागलकर, ज्यात रुग्णाकडून पैसे घेतले जातात त्याला संशोधन समजू नका. नेहमीच्या उपचारांपलीकडे केवळ संशोधनासाठी होणारा खर्च रुग्णावर टाकू नये, असे आयसीएमआरची तत्त्वे सांगतात. उलट प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. ती रक्कम नैतिकता समितीने आधी पाहिलेली असते आणि ती इतकी मोठीही नसावी की केवळ पैशासाठी माणूस जोखीम पत्करेल.

पंचगंगा_घाट

मी अशा एका अभ्यासात सहभागी झालो होतो. तो पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी होता आणि त्यात उपचार नव्हता, फक्त मोजमापे होती. प्रत्यक्षात काय होते ते सविस्तर लिहितो, कारण अनेकांची भीती अज्ञानापोटी असते.

सुरुवातीला २५ प्रश्नांची एक प्रश्नावली होती. कर्णनादामुळे लक्ष लागत नाही का, झोप येत नाही का, चिडचिड होते का, माणसांत जावेसे वाटत नाही का, असे ते प्रश्न होते. प्रत्येकाला ‘हो’, ‘कधी कधी’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यायचे, त्यांना अनुक्रमे ४, २ आणि ० गुण, आणि बेरीज १०० पैकी. ही प्रश्नावली अमेरिकेत १९९६ मध्ये तयार झाली आणि जगभर वापरली जाते, असे त्या मुलीने सांगितले. प्रश्न साधे होते, पण उत्तरे देताना प्रथमच माझ्या लक्षात आले की भजनी मंडळात जाणे मी केव्हाच बंद केले आहे.

नंतर आवाजबंद खोलीत बसवले. दार लागल्यावर माझी शिट्टी इतकी मोठी वाटू लागली की हेडफोनमधला आवाज कोणता आणि माझा कोणता हेच कळेना, तेव्हा तिने अखंड सुराऐवजी तुटक सूर वाजवायला सुरुवात केली आणि बटण दाबणे सोपे झाले. पुढे ती दोन सूर ऐकवी आणि विचारी, ‘काका, यांतला कोणता तुमच्या आवाजाच्या जवळचा?’ असे जवळ जवळ जात आम्ही माझी पट्टी शोधून काढली. मग आवाजाची पातळी जुळवली. जो आवाज मला रात्रभर जागवतो, तो मोजल्यावर माझ्या ऐकण्याच्या मर्यादेच्या जेमतेम काही डेसिबल वर निघाला.

शेवटी तिने मिनिटभर ‘सूं’ असा, सगळ्या पट्ट्या मिसळलेला आवाज कानात सोडला आणि थांबवला. त्यानंतर काही क्षण माझा कान पूर्ण रिकामा होता. शिट्टी हळूहळू परत आली. तो परिणाम तात्पुरता असतो हे तिने आधीच सांगितले होते आणि त्यातून कायमचा उपाय झाला असे मी म्हणत नाही. पण माझ्या त्रासाचे कोणीतरी नीट मोजमाप केले, त्याला पट्टी आणि पातळी दिली, याचे मोल मला फार वाटले.

श्रवणा

घाटकाका, तुमचा अनुभव मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. कर्णनादाचा त्रास आवाजाच्या पातळीवर क्वचितच ठरतो. तितकाच आवाज असलेला एक माणूस निवांत झोपतो आणि दुसरा हवालदिल होतो. म्हणूनच प्रश्नावल्या आवश्यक ठरतात आणि म्हणूनच त्या मनापासून भराव्यात. संशोधकाला बरे वाटावे म्हणून सुधारणा झाल्याचे लिहिणे हा आपल्याकडचा सौजन्याचा भाग असला तरी त्याने निष्कर्ष बिघडतो.

विज्ञानवेडी

निष्प्रभ उपचार देणे ही फसवणूक आहे, असे अनेकांना वाटते आणि उचगावकरांच्या घरातील शंकाही बहुधा तीच असावी. कर्णनादाच्या बाबतीत मात्र असा गट ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही. त्रास अगदी टिपेला गेलेला असतो तेव्हाच माणूस अभ्यासात नाव देतो आणि काही आठवड्यांत तो त्रास आपोआप थोडा ओसरतो. शिवाय कोणीतरी आस्थेने लक्ष देत आहे, यानेही बरे वाटते. या दोन्हींचे श्रेय गोळीला मिळून जाते.

गिंकोचे उदाहरण घ्या. स्मरणशक्तीसाठी आणि कानाच्या आवाजासाठी म्हणून त्या झाडाच्या पानांचा अर्क आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतही मिळतो. ब्रिटनमध्ये ११२१ जणांवर त्याची चाचणी झाली आणि २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ती छापून आली. सगळे काम टपालाने आणि दूरध्वनीवरून झाले, कोणाला रुग्णालयात यावेही लागले नाही. १२ आठवड्यांनंतर त्रास कमी झाल्याचे सांगणारे गिंकोच्या गटात ३६० पैकी ३४ होते आणि निष्प्रभ गोळीच्या गटात ३६० पैकी ३५ होते. दुसरा गट नसता तर ‘३४ जणांना गुण आला’ एवढीच जाहिरात आपण वाचली असती.

अपयशाची यादी पुढेही आहे. कानाच्या पडद्यातून सुईने आत सोडायच्या एस्केटामाइनच्या जेलच्या मोठ्या चाचण्या २०१६ आणि २०१८ मध्ये अपयशी ठरल्या. ओटीओ-३१३ हे औषधही २०२२ मध्ये निष्प्रभ उपचारापेक्षा सरस ठरले नाही. त्या रुग्णांनी सुया टोचून घेतल्या, प्रश्नावल्या भरल्या, आणि त्यांच्यामुळे पुढच्या हजारो लोकांच्या कानांत ते औषध गेले नाही. त्यांचे श्रम वाया गेले असे मी कधीही म्हणणार नाही.

आशेला जागा आहे तीही सांगते. जिभेवर सौम्य विद्युत-उत्तेजन आणि कानात ध्वनी अशी जोड देणाऱ्या आयर्लंडमधील उपकरणाचा ३२६ जणांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. मात्र त्या ३२६ जणांच्या अभ्यासात उत्तेजनाच्या वेगवेगळ्या रीतींची आपसांत तुलना होती, नकली उपकरणाचा गट नव्हता, म्हणून त्याचे आकडे मी जपून वाचते. मिशिगन विद्यापीठात सुसान शोर यांच्या गटाने ९९ जणांवर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकाला ६ आठवडे खरा उपचार आणि ६ आठवडे नुसता ध्वनी मिळाला, मध्ये खंड ठेवून. कोणाला आधी काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. या रचनेत प्रत्येक सहभागी माणसाला खरा उपचार मिळतोच. काका, तुमच्या अभ्यासात अदलाबदल आहे का, आणि नसल्यास शेवटी दुसऱ्या गटाला खरा उपचार देणार का, हे अवश्य विचारा.

कागलकर

आयुर्वेदिक काढा आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती बंद करावी लागते का?

श्रवणा

स्वतःहून काहीही बंद करू नका आणि काहीही लपवू नका. काढा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, डोकेदुखीवर घेतलेली ॲस्पिरिन, सगळे लिहून द्या. मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. संशोधकाला हे ठाऊक नसेल तर तो परिणाम नव्या उपचाराच्या माथी मारला जाईल.

धोटा_इचलकरंजी

दसरा_चौक यांच्या मुद्द्याच्या मी अर्धा बाजूने आहे आणि अर्धा विरोधात आहे.

माझे वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात माणसे एकमेकांशी ओठ आणि हातवारे पाहून बोलतात, आणि घरी आल्यावरही वडील तितक्याच मोठ्याने बोलत, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. ‘कानात माग चालू आहे’ असे ते म्हणत, तेव्हा तो आजार असू शकतो हे आमच्या गावीही नव्हते. त्यांना कोणी कधी अभ्यासासाठी बोलावले नाही. वर्तन-उपचाराचा, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या सवयी बदलण्याच्या उपचाराचा, कर्णनादावर काय परिणाम होतो याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये घेतलेला आढावा मी वाचला. त्यात २८ अभ्यास होते आणि बहुतेक युरोपातले होते. त्या उपचाराने आवाज जात नाही पण त्याचा जाच कमी होतो, असे त्यातून दिसते, ही मोलाची गोष्ट आहे. मात्र बारा तासांची पाळी करणाऱ्या, एका खोलीत सहा जण राहणाऱ्या माणसाला त्याचा किती उपयोग होईल, हे युरोपातल्या आकड्यांवरून कसे कळणार?

शोषण होईल म्हणून आमच्या माणसांना संशोधनापासून दूर ठेवले तर त्यांच्या कानांविषयी कोणालाच काही कळणार नाही, म्हणून त्यांना आत घ्यावे आणि त्यांच्या अटींवर घ्यावे. पहिली अडचण अशी आहे की अनेक अभ्यासांत ऐकणे फार कमी झालेल्यांना वगळतात, म्हणजे सर्वाधिक सोसलेला माणूस दारातूनच परत जातो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपण कमी ऐकतो हे मालकाला कळले तर काम जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते.

कायदा_कट्टा

धोटा यांनी सांगितलेली भीती खरी आहे. अभ्यासातील नोंदी गोपनीय ठेवणे संशोधकावर बंधनकारक असून रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय त्या मालकाला दाखवता येत नाहीत. संमतिपत्रात ‘माझी माहिती माझ्या मालकाला वा कंत्राटदाराला दिली जाणार नाही’ असे एक वाक्य स्पष्टपणे घालून मागावे. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण पूर्वीच्या कारखाने अधिनियमाच्या आणि आता त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे ते कामगाराने लपवावे अशी गोष्टच नाही. पण कायदा कागदावर असणे आणि कामगाराला तो आधार वाटणे यांत अंतर आहे, हे मान्य.

गंगावेशची_लेक

हे वाचताना आईची आठवण झाली, म्हणून लिहिते. निवृत्तीनंतर आईच्या एका कानात आवाज सुरू झाला आणि तिची झोप गेली. एका अभ्यासासाठी तिची प्राथमिक तपासणी झाली आणि नैराश्याची लक्षणे तीव्र आहेत म्हणून तिला त्यात घेतले नाही. त्या वेळी मला फार राग आला होता. ज्याला सर्वाधिक गरज आहे त्यालाच दार बंद, असे वाटले. पण त्या तपासणी करणाऱ्या बाईंनी तिला तसेच घरी पाठवले नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की हिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, आजच न्या, आणि स्वतः फोन करून वेळ मिळवून दिली. आईचे औषधोपचार सुरू झाले, श्रवणयंत्र लागले आणि ती सावरली. आवाज आजही आहे.

म्हणून उचगावकरांनी विचारावा असा एक प्रश्न मीही सुचवते. अभ्यासाच्या काळात माझा त्रास वाढला, मन खचले, तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? त्या व्यक्तीचे नाव आणि क्रमांक लेखी घ्यावा. आणि ज्यांना अशा अभ्यासातून वगळले गेले असेल त्यांनी आपला आजार असाध्य आहे असा त्याचा अर्थ मुळीच काढू नये.

महाद्वार

आपल्याकडे विसर्जन मिरवणुकीनंतर दोन-तीन दिवस कानात घंटी वाजते असे तरुण मुले सर्रास सांगतात आणि विसरूनही जातात. मंडळांच्या कार्यकर्त्यांची मिरवणुकीआधी आणि नंतर श्रवणचाचणी केली तर तो अभ्यास होईल का? आमच्या तालमीतली पोरे येतील, त्यांना गोळा करण्याचे काम माझे.

श्रवणा

महाद्वार दादा, ही सूचना मला मनापासून आवडली. त्या घंटीला तात्पुरती श्रवणघट कारणीभूत असते आणि ती काही तासांत किंवा दिवसांत भरून निघते, म्हणून मुले निर्धास्त राहतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवले की चाचणीत ऐकणे पूर्ववत झाल्यावरही कानातील पेशी आणि श्रवणचेता यांच्यातील कित्येक जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात. माणसांत हे कितपत लागू पडते याचा शोध चालू आहे, आणि तरुण स्वयंसेवकांशिवाय तो पुढे जाणार नाही.

फक्त एक अट आहे. अभ्यासाच्या निमित्ताने कोणालाही मुद्दाम स्पीकरच्या भिंतीपुढे उभे करता येणार नाही. जे तसेही जाणार आहेत त्यांचीच चाचणी करायची, आणि त्यांना इअर प्लग देऊन धोका आधीच समजावून सांगायचा. निष्कर्ष थोडे सौम्य आले तरी चालतील.

दसरा_चौक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. गंगावेशची_लेक यांनी सांगितलेल्या बाईंसारखी माणसे असतील तर माझा विरोध बराचसा कमी होतो, पण सगळीकडे तशी माणसे असतील हे मी गृहीत धरणार नाही. माझी मागणी एवढीच आहे की माहितीपत्रक घरी नेऊ द्यावे आणि किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. जिथे सही त्याच क्षणी मागतात तिथून उठून यावे.

उचगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सौ.ना सोबत घेऊन मी त्या महाविद्यालयात जाऊन आलो आणि तुम्ही सुचवलेले प्रश्न वहीत लिहूनच नेले होते. माहितीपत्रक मराठीत होते आणि ते घरी आणू दिले. नोंदणी क्रमांक दिला, तो मुलाने नोंदवहीत शोधला आणि पत्रकातली माहिती तिथल्या माहितीशी जुळली. उपचार ध्वनीचा आहे, सुई किंवा गोळी नाही. अदलाबदल नाही, परंतु अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटालाही तोच उपचार मोफत देणार, असे पत्रकात छापलेले आहे. त्रास वाढल्यास फोन कोणाला करायचा, हे मात्र छापलेले नव्हते. मी विचारल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पत्रकावर हाताने नाव आणि क्रमांक लिहून सही केली आणि पुढच्या सर्व प्रतींत ते छापून घेऊ असे सांगितले.

सर्वांत जास्त प्रश्न सौ.नीच विचारले. ‘यांना काहीच गुण आला नाही तर?’ असे त्यांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘तेही आम्हाला कळायला हवे, म्हणूनच शेवटच्या तपासणीपर्यंत येत राहा.’ या उत्तराने त्यांचे समाधान झाले आणि मी होकार दिला.

विज्ञानवेडी

उत्तम. काका, तो शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्यांना गुण येत नाही ते कंटाळून येणे बंद करतात, मग शेवटी गुण आलेलेच उरतात आणि उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहेच, पण बाहेर पडलात तरी का पडलात ते त्यांना सांगून जा.

धोटा_इचलकरंजी

काकांचे अभिनंदन. श्रवणाताई, एक विचारायचे राहिले. आमच्याकडचे काही जण प्राथमिक तपासणीला यायला तयार आहेत, पण सगळे पाळीवाले आहेत. पाळी संपवून थेट आले तर चालेल का? रजा टाकली तर खाडा पडतो.

श्रवणा

थेट आलेले चालणार नाही, दादा. गोंगाटातून उठून आलेल्या माणसाचे ऐकणे तात्पुरते कमी झालेले असते आणि चाचणी चुकीची येते. चाचणीआधी किमान १४ ते १६ तास कानाला गोंगाटापासून विश्रांती हवी. म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर किंवा सुट्टी संपल्यावर पाळी सुरू होण्याआधी सकाळी लवकर चाचणी ठेवावी लागेल. सुट्टीच्या दिवशी चाचणी घ्यायला मी माझ्याकडून तयार आहे. संशोधकांशी बोलून ती ग्राह्य धरतात का ते विचारते आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद त्यांच्या मंजूर आराखड्यात आहे का तेही पाहते. तोवर किती जण आहेत, कोणाची पाळी कोणती आणि कोणाला मराठीऐवजी कानडी किंवा हिंदी पत्रक लागेल, एवढी यादी करून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. नावे इथे लिहू नका.